भाकऱ्यांचं बोलावणं

बदलापूर मागं पडलं आणि बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला भातखाचरं सुरू झाली, की डाव्या हाताला गोदूबाईचं शेत लागतं. त्या शेताच्या कडेला यंदा सहा खोल्या उभ्या राहिल्या होत्या. वर कौलं, पुढं पडवी, आणि रस्त्यावर पाटी: ‘शेतावरचं घर. राहण्याची व आगरी जेवणाची सोय.’ पाटी नातसुनेनं, नूतननं, स्वतःच्या हातानं रंगवली होती. अंबरनाथच्या एका हॉटेलात ती काउंटरवर बसायची. ती नोकरी सोडून तिनं हा घाट घातला होता.

गोदूबाईला तर या घाटानं वीस वर्षांनी तरुण केलं होतं. सकाळी उठली की ती आधी खोल्यांकडे चक्कर मारायची. चादरी ताठ आहेत का बघायची, नळ सोडून पाणी येतं का बघायची, आणि कुणी नसताना पडवीतल्या झोपाळ्यावर बसून घ्यायची. नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हापासून तिनं या शेतात लावणी केली होती. कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, शेजारणींच्या रांगेत. आता त्याच शेताकडे बघत परक्या गावची माणसं जेवणार, ही कल्पनाच तिला गुदगुल्या करायची.

पण या सगळ्याला एक अट होती, आणि ती अल्पेशची. अल्पेश म्हणजे नूतनचा नवरा, गोदूबाईचा थोरला नातू. त्यानं बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, की पहिली पार्टी नीट पार पडली तर पुढं चालवू, नाहीतर बदलापूरचा एक माणूस ढाब्यासाठी जागा मागतोय, त्याला भाड्यानं देऊन टाकू. गोदूबाईनं असले ढाबे रस्त्यावर पाहिले होते. भोवती पत्रे ठोकायचे, लाल-हिरवे दिवे लावायचे, आणि मागच्या खाचरात बाटल्या फेकायच्या. तसं झालं तर आपल्याच शेतात आपल्याला पाय ठेवता येणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

पहिली पार्टी ठरली होती ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधली. भूपेश नावाच्या सिंधी माणसाचा तिथं जीन्स शिवायचा कारखाना होता. तो आपले कारागीर आणि त्यांची बायकापोरं घेऊन शनिवारी येणार होता, आणि त्यानं फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, की भाकरी चुलीवरची पाहिजे. पार्टी साठ माणसांची आणि करायला घरात माणसं चार. त्यातल्या अल्पेशला चहासुद्धा करता येत नव्हता.

नूतननं माणसं शोधायला काही कमी केलं नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं मेसेज टाकला: ‘अनुभवी कुक, हाऊसकीपिंग व सर्व्हिस स्टाफ पाहिजे. हॉस्पिटॅलिटी बॅकग्राउंड असल्यास प्राधान्य.’ त्यावर गावातल्या लोकांनी भरपूर अंगठे दिले आणि कामाला कुणीच आलं नाही. म्हणजे दोघं आली. एक पोरगा आला, त्यानं इथं मोबाइलला रेंज किती येते एवढंच विचारलं आणि मान हलवत निघून गेला. एक मुलगी आली, पण तिच्या वतीनं तिचा मामाच बोलत होता. खोल्या झाडायला मशीन आहे का, दुपारी झोपायला मिळेल का, असं सगळं त्यानंच विचारलं. शेवटी नूतननं त्यालाच विचारलं, की मामा, तुम्हालाच नोकरी पाहिजे का. मामा चिडला आणि भाचीला घेऊन गेला.

मग उल्हासनगरच्या एका ऑफिसातून माणसं मागवली. हॉटेलांना वेटर आणि आचारी पुरवणारं ते ऑफिस. त्यांनी हो हो म्हटलं, आणि गुरुवारी दुपारी फोन करून सांगितलं की तुमची माणसं कर्जतच्या मोठ्या रिसॉर्टला पाठवावी लागली. नूतन पडवीच्या पायरीवर बसून राहिली. रडली नाही ती. नुसती हातातला फोन उलटा-सुलटा करत राहिली, आणि गोदूबाईला तेच जास्त लागलं.

“आजी, मी भूपेशभाईंना नाही म्हणून सांगते,” ती म्हणाली.

“सांगू नको. बायका मी आणते,” गोदूबाई म्हणाली, आणि पदर खोचून उभी राहिली. खूप दिवसांनी कुणीतरी तिच्या हातात काम दिलं होतं, आणि ते देणारीही तीच होती.

आता बायका आणायच्या कशा? इथं गोदूबाईची पंचाईत झाली. तिच्या आयुष्यात या गावात कुणी कुणाच्या घरी पगारानं रांधायला गेलं नव्हतं. लावणीला एकमेकींच्या शेतात जायचं ते फेडाफेडीनं. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. पोटासाठी परक्या घरची चूल फुंकायची वेळ कुणावर आली, तर बाकीच्या तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायच्या. मग ज्यांच्या मांडीला मांडी लावून जन्म काढला, त्या बायकांच्या दारात जाऊन ‘माझ्याकडे कामाला ये’ असं म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

पण साठ माणसांना भाकऱ्या पुरवायची एक रीत तिला ठाऊक होती. लग्नाच्या घरी हळदीच्या दिवशी आळीतल्या बायका भाकऱ्यांना जातात. घरधनीण कुंकवाचा करंडा घेऊन दारी येते, कपाळाला बोट लावते आणि म्हणते, भाकऱ्यांना या. बस, तेवढंच. मग शेतात चुलींची रांग लागते. कुणी पाणी उकळून तांदळाच्या पिठाची उकड काढायची, कुणी मळायची, कुणी थापायची, कुणी तव्यावर उलटायची, आणि गाणी म्हणता म्हणता भाकऱ्यांची चळत कमरेएवढी व्हायची. गोदूबाईच्या स्वतःच्या लग्नात धुरानं डोळे लाल झालेल्या बायका हसत होत्या, ते तिला अजून दिसत होतं. त्या कामाला कुणी पैसे देत नाही आणि कुणी मागत नाही.

तिनं मनाशी ठरवलं. रीतीनं बोलवायचं, काम होऊ द्यायचं, आणि जाताना नूतननं प्रत्येकीच्या हातावर मजुरी ठेवायची. घेतली तर घेतली, मग पुढचं पुढं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, करंडा घेतला आणि शुक्रवारी उन्हं तापायच्या आत पाच घरं केली. पाचच बायका येतील असा तिचा हिशेब होता. एका घरात बोट लावलं की अख्खी आळी बोलावली असं समजायचे दिवस आता कुठं राहिले होते? आता तर कार्ड मोबाइलवर येतं आणि माणसं थेट जेवायला.

कौसाबाईच्या दारात मात्र ती आधी पदर सारखा करून मगच पुढं झाली. कौसाबाई तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान, आवाज पाटलासारखा, आणि आळीतल्या प्रत्येक हळदीला भाकऱ्यांच्या चुलींवर राज्य तिचंच. कौसाबाईनं कपाळ पुढं केलं आणि तोंडभर हसली.

“चांगला झाला गो गोदू. किती दीस वाट बघत होतो,” ती म्हणाली.

खोल्या सुरू होण्याची गावालाही उत्सुकता आहे तर, असं गोदूबाईला वाटलं. तिचा जीव सुपाएवढा झाला. घरी येऊन तिनं नूतनला सांगितलं, की पाच जणी पक्क्या.

शनिवारी सकाळी नूतननं अंगणात पाच पाट मांडले होते. गोदूबाई रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. आधी हसण्याचा आवाज आला. मग वळणावर पोपटी रंग दिसला. एक साडी, दुसरी, पाचवी, दहावी, आणि मग मोजायची सोयच राहिली नाही. सगळ्या एकाच पोपटी रंगाच्या, एकाच काठाच्या साड्यांत. हल्ली आळीतल्या बायका हळदीसाठी अशाच एकसारख्या साड्या घेऊन ठेवतात. कुणाच्या डोक्यावर काठवट, कुणाच्या काखेत तवा, कुणाच्या हातात विळी. सगळ्यांच्या पुढं कौसाबाई, अंबाड्यात अबोलीचा गजरा.

“आजी, पाच म्हणालात ना?” नूतननं विचारलं. पण विचारताना तिचा चेहरा असा उजळला होता, की गोदूबाईनं घरातले आणखी पाट आणायला सांगितलं.

चाळीसेक बायकांनी अंगणात पाऊल टाकलं आणि अंगण त्यांचं झालं. विटा आल्या, चुली मांडल्या गेल्या, लाकडं फुटली. कौसाबाई कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत होती, तू उकडीला बस, तू थापायला, तुझा हात जड आहे, तू कांदे चीर. वालाचं बिरडं सोलायला चौघी बसल्या, गावठी कोंबड्यांच्या वाटणाला तिघी. नूतन धावत होती, मीठ आणून देत होती, तेल आणून देत होती. मधेच थांबून ती गोदूबाईचा हात घट्ट दाबून गेली. गोदूबाईला तर कुठं बघू आणि कुठं नको असं झालं होतं. धूर, हशा, तव्याचा चर्र आवाज. तिचं लग्नच पुन्हा लागत होतं जणू.

तेवढ्यात गोदूबाईचा धाकटा नातू विनीत पाण्याचे जार घेऊन आला. एसी दुरुस्त करणारा, साधा, लाजाळू मुलगा. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं हे गावाला माहीत होतं. दोघीतिघींनी त्याला हाताला धरलं, पाटावर बसवलं आणि बघता बघता त्याच्या दोन्ही गालांना ओली हळद फासली.

“अगं काकी, काय करताय? मला ट्यूबलाइट लावायचीय,” विनीत ओरडला.

“लाव रे. उद्या बायको आली की तीच लावील उजेड,” एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

गोदूबाईच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. या सगळ्या विनीतच्या हळदीला आल्या होत्या. कौसाबाई ‘वाट बघत होतो’ म्हणाली, ती विनीतच्या लग्नाची. आणि बोट लावून भाकऱ्यांना बोलावल्यावर दुसरं काय समजायचं बायकांनी? तिनं कौसाबाईकडे पाऊल टाकलं, पण तोंड उघडायच्या आत रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

“नवरीकडची मानसं आली गो,” कौसाबाईनं आवाज दिला.

मग जे झालं ते थांबवायला कुणाच्या हातात नव्हतं. बायका उठल्या, ताट आलं, ताटात दिवा आला. बसमधून भूपेश उतरला, जाडसर, गॉगल लावलेला, आणि त्याच्यामागं कारागीर, त्यांच्या बायका, पोरं. प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लागलं, प्रत्येकाला ओवाळलं गेलं, आणि पोपटी रांगेनं लग्नाचं गाणं धरलं. पोरं नाचायला लागली. दोन कारागिरांनी मोबाइल वर धरले. कौसाबाईनं भूपेशच्या बायकोला मिठी मारली आणि शेजारणीच्या कानात म्हणाली, की विनीतनं सिंधी पोरगी आणली वाटतं, पन मानसं चांगली दिसतात. भूपेश तर हरखून गेला होता. तो नूतनकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, हमने कितने रिसॉर्ट देखे, पण तुमचा स्टाफ एक नंबर. वेलकम असा पाहिजे!”

स्टाफ. तो शब्द आळीतल्या प्रत्येक बाईला कळत होता. अर्ध्याअधिक जणींच्या सुना-मुली कुठं ना कुठं स्टाफच होत्या. गाणं मधेच तुटलं. कौसाबाईनं ताट हळूच खाली ठेवलं, पाहुण्यांना पडवीत बसवायला सांगितलं आणि गोदूबाईचा दंड धरून तिला चुलींच्या मागं नेलं. बाकीच्याही भोवती आल्या. नूतन पाठोपाठ आली.

“हलद कोनाची हाय गो?” कौसाबाईनं विचारलं.

“कोनाची नाय,” गोदूबाई म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. खोल्या, भूपेशची पार्टी, न आलेली माणसं, अल्पेशची अट, बदलापूरचा ढाबेवाला. सांगताना तिनं खाली बघितलं नाही, पण आवाज बारीक होत गेला. शेवटी ती म्हणाली, की जाताना मजुरी देणार होतो, तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं. एका तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती उलटायला कुणाचा हात पुढं झाला नाही. पडवीत साठ भुकेली माणसं आणि अंगणात चाळीस बायका, त्यांनी आता काठवटी उचलल्या की संपलं.

“भाकऱ्यांना बोलावलास,” कौसाबाई सावकाश म्हणाली. “कुंकू लावून. आता त्याचं पैशे कशे घेवाचं आमी? हातातोंडाशी आलेलं घालवलास ना माझे बाय.”

गोदूबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. “म्हणजे? तुमाला राग आला नाय?”

“आला ना. माझी सून अंबरनाथला कंपनीत दिवसभर उभी राहून खोकी चिकटवते. पाय सुजवून घरी येते. तवा कोनाला लाज वाटली? आन ही इथं, घराशेजारी, सावलीत, भाकऱ्या थापायचं पैशे मिलतात, तर तू बोट लावून फुकट बोलवतेस. जन्मभर फुकट थापल्या ना गो आमी.”

मागून दोघीतिघींनी ‘तेच ना’ म्हटलं. नूतनला राहवलं नाही. ती पुढं आली आणि म्हणाली, “पण काकी, मी ग्रुपवर टाकलं होतं की. कुणी आलंच नाही.”

“तू अनुभव मागितलास. आनखी काय काय विंग्रजीत मागितलास,” कौसाबाई म्हणाली. “सूनबाईनं वाचून दाखवला. मी म्हटला, हे हाटेलातल्या पोरींसाठी हाय, आपल्यासाठी नाय.”

नूतन एकदम हसायलाच लागली. आधी थोडंसं, मग पोट धरून, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला हसताना बघून दुसऱ्या हसल्या. कुणीतरी धावत जाऊन ती करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

“आजच्या भाकऱ्या रीतीच्या,” कौसाबाईनं निकाल दिला. “कुंकू लागलंय, पैसा घेनार नाय. पन पुढच्या येळेला करंडा घेऊन येशील तर दारात उभी करनार नाय. नुसती ये आन काम सांग.”

मग काठवटी पुन्हा सरकल्या. पंगती बसल्या, चळत चढली आणि उतरली. कारागिरांची पोरं चुलीपुढं उकिडवी बसून गरम भाकरीची वाट बघू लागली. भूपेशनं बिरडं तीनदा मागून घेतलं आणि जेवताना मध्येच उठून स्वयंपाकाकडे येऊन हात जोडून गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या बाजारातल्या इतर कारखानेवाल्यांनाही घेऊन येतो, असं तो म्हणाला. विनीत हळदीच्या गालांनीच वाढत होता, आणि पाहुण्यांतल्या एका बाईनं तो कुणाचा मुलगा, काय करतो, याची चौकशी केली ती वेगळीच.

पंगती उठल्यावर नोकरीची बोलणी झाली, ती झाडाखाली. नूतननं मनात योजलेले प्रश्न तिच्या तोंडून निघालेच नाहीत, कारण प्रश्न कौसाबाईनंच विचारले. रोज किती जणी लागतील? एकटीदुकटी कुणी येणार नाही, आठ-आठ जणींच्या पाळ्या लावायच्या, चालेल का? खोल्या झाडायच्या त्या तरण्या पोरींनी, वाकायचं आमच्यानं होत नाही, चालेल का? दारू पिऊन कुणी पाहुणा बरळला तर त्याला बाहेर काढायचा अधिकार कुणाचा?

“तुमचाच, काकी,” नूतन म्हणाली.

“आन आळीत खरी हलद असली तर?”

नूतन लगेच म्हणाली, “त्या दिवशी पाहुण्यांना पण हळदीला आणीन. नाहीतर खोल्या बंद.”

हे उत्तर सगळ्यांना पसंत पडलं. अल्पेश हे सगळं पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होता. सकाळपासून त्याला कुणी एक शब्द विचारला नव्हता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बदलापूरचा माणूसच होता, जागा बघायला कधी येऊ म्हणून विचारत होता. अल्पेशनं एकदा नूतनकडे बघितलं, एकदा झाडाखालच्या पोपटी घोळक्याकडे.

“येऊ नका शेठ,” तो म्हणाला. “जागेत माणसं कामाला लागलीत. नाय, मी काढू शकत नाय. मलाच काढतील.”

गोदूबाईनं ते ऐकलं आणि तिला एकदम उठून उभं राहावंसं वाटलं. ती उठली. अंगात असं काही भरून आलं होतं की बसवेना. ती झाडाखाली गेली, बायकांच्या मधे वाट काढत, कौसाबाईच्या पुढ्यात. गुडघेदुखीमुळे घरच्यांनी तिला चुलीपुढं बसायला मनाई केली होती. काही वर्षं ती आयत्या ताटावर बसत होती.

“आन मला? मला घेता का कामावर?” तिनं विचारलं.

नूतन काहीतरी बोलणार होती, पण कौसाबाईनं हात वर केला. तिनं गोदूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. मग एक काठवट तिच्यापुढं ढकलली आणि त्यात उरलेली उकड टाकली.

गोदूबाई पाटावर टेकली. पिठाला पाणी लावलं, मळलं, गोळा केला आणि थापायला घेतलं. हात पहिल्यांदा अडखळले, मग आपसूक फिरायला लागले. बायका माना पुढं करून बघत होत्या. भाकरी एका बाजूला जराशी जाड झाली होती. तव्यावर गेली, फुगली, पण पुरती फुगली नाही. कौसाबाईनं ती हातात घेतली, उलटून पाहिली, कडेचा तुकडा मोडला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.

“म्हैनाभर बघू,” ती म्हणाली. “मग ठरवू.”